सातवी ब आणि वाघाची बातमी

वर्गातले किस्से रद्दीसारखे साठतात. रोज एकच येतो, आणि एक दिवस कपाटाचं दारच लागत नाही! माझं कपाट म्हणजे हिंदी मुलखातल्या अवधपुरीतली आमची शाळा, सातवी ब आणि माझा वाचनाचा तास. पोरं पुस्तकाला हात लावेनात, म्हणून मी रोज हिंदी पेपर न्यायला लागलो. तेव्हापासून मी घाबरलेलाच आहे.

*

पहिला आठवडा सगळे फक्त राशिभविष्य वाचायचे. आयुषच्या राशीत आलं, ‘यात्रा टालें.’ शाळा सुटली तरी पठ्ठ्या बसमध्ये चढेना! बाक धरून बसला. आमच्या प्रिन्सिपल बापट मॅडम आल्या. ग्वाल्हेरच्या, आवाज तोफेचा.

“याला जबाबदार कोण?”

मी म्हटलं, “सिंह रास.”

जबाबदार मीच निघालो.

*

मग म्हटलं, यांना हॉरर सिरीज आवडतात ना? बातम्या ट्रेलरच्या आवाजात वाचू! पडदे ओढले, पंखा बंद केला. आयुषने खोल आवाज काढला, “कल... मंडीदीप में... पारा... गिरेगा...”

शेजारच्या वर्गातून सहावीची पोरं रडत बाहेर आली. हवामानाच्या बातमीला!

गौरी तेवढी गप्प. ती मनात सगळं वाचायची, पण मोठ्याने वाच म्हटलं की पेपरामागे तोंड लपवायची.

*

आता माझं पाप. घरी एक खोटं पान टाइप केलं. मथळा, ‘अवधपुरी में बाघ!’ खाली दहा ओळी, आणि शेवटची ओळ, ‘यह खबर झूठी है, पूरी पढ़ने का शुक्रिया.’ नेऊन फळ्यावर चिकटवलं.

शेवटपर्यंत फक्त गौरी पोचली आणि गालात हसली. बाकीच्यांनी मथळा वाचला आणि बोंब ठोकली. संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर वाघाला दोन पिल्लंही झाली होती.

मॅडमनी बोलावलं. “शनिवारी मी स्वतः पेपर आणते. एकाने तरी बातमी मोठ्याने, शेवटपर्यंत वाचली पाहिजे. नाही वाचली, तर तुमचा तास गणिताला. आणि तुम्ही घरी!”

मी हसलो. बाहेर येऊन पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती वाचल्या, शेवटपर्यंत.

*

तीन दिवस एकच रट लावली, शेवटची ओळ वाचा! पोरं एवढी हुशार, की फक्त शेवटचीच वाचायला लागली.

“सर, दोनों अस्पताल में हैं.”

“कोण दोघं?”

“वो ऊपर लिखा होगा ना.”

*

शनिवार उजाडला. मॅडमनी वर्गात पेपर उघडला, मथळा पाहिला आणि लाल झाल्या. ‘अवधपुरी में स्कूल के पीछे बाघ के पंजों के निशान.’

“परत तेच? आता पेपरसुद्धा छापून आणलात?”

“मॅडम, पेपर तुम्ही आणलाय.”

“एक शब्द बोलू नका!” पेपर टेबलावर आपटून त्या वर्गाच्या मागच्या, थेट शाळेमागे उघडणाऱ्या दाराकडे निघाल्या. “बघा रे, मागे काही नाहीये!” आणि कडीला हात घातला.

तोवर गौरीने पेपर उचलला होता. तोंड पेपरामागेच होतं, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला, “बाघ अभी पकड़ा नहीं गया है. स्कूल का पिछला दरवाज़ा बिल्कुल न खोलें.”

मॅडमचा हात कडीवर तसाच राहिला.

बाहेरून दार एकदा हललं.

मॅडम दोन पावलं मागे सरकल्या आणि, मी नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच, हळू आवाजात बोलल्या, “गौरी, बेटा... पहिल्या ओळीपासून वाच. सगळं.”