दिनेशचं दुसरं इंजेक्शन

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. बारा वर्षं झाली. तुम्हाला का सांगतेय — मलाही नीट माहीत नाही.

मी नागपुरातल्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. सिकलसेलचे, म्हणजे असह्य कळा आणणाऱ्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट आमच्याकडे नेहमीचे — बहुतेक बौद्ध नाहीतर आदिवासी वस्त्यांमधले. ऐन उमेदीत जातात त्यातले कित्येक. आमच्या घरात हा आजार कुणालाच नाही. म्हणून का मला त्यांचं दुखणं खरं वाटत नव्हतं? आडनाव वाचलं, की माझं मन ठरवून मोकळं व्हायचं — इंजेक्शनची सवय लागलेली माणसं.

दिनेश जरीपटका भागात वेल्डिंगचं काम करायचा. चौतीस वर्षांचा. सकाळी नऊलाच त्याच्या बायकोनं, सुनंदानं, त्याला ऑटोतून आणलं. पहाटेपासून हाडं ठणकत होती. डॉक्टरांनी दर चार तासांनी कळा थांबवायचं इंजेक्शन लिहून दिलं. पहिलं मी दिलं. दुसऱ्याच्या वेळी तो मोबाइल बघत होता — एवढं दुखणारा माणूस मोबाइल बघेल का? मी दिलं नाही. कागदावर मात्र... ‘दिलं’ असं लिहिलं.

थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "सिस्टर, मले लय दुखून राहिलं. तुमाले खोटं वाटते काय?"

सलाइनमधून आत्ताच तर दिलं, असं मी त्याला सांगितलं. त्यानं सलाइनच्या बाटलीकडे बघून मान हलवली.

संध्याकाळी त्याला श्वास घेता येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. इंजेक्शननं वाचला असता? कदाचित नाही. पण तो तळमळत होता आणि कागद म्हणत होता, औषध चालू आहे — मग कोण बघायला येणार?

महिन्याभरानं मीटिंगमध्ये डॉक्टरांनी विचारलं, हे पेशंट इतक्या लवकर का जातात? मी — मीच — म्हणाले, "हे लोक दुखणं अंगावर काढतात, उशिरा येतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी ते लिहूनही घेतलं.

आता सुनंदा मुलीला घेऊन येते. तोच आजार. माझी ड्यूटी विचारून येते. वॉर्ड बदलून मागावा, तर कारण काय सांगू? परवा मुलगी रडत होती. सुनंदा तिला म्हणाली, "भिऊ नको वं. ह्याच ताईनं तुया बाबाले इंजेक्शन दिलं होतं."

मी सिरिंज भरली. मुलीचा हात धरला. इंजेक्शन दिलं, आणि कागदावर ‘दिलं’ असं लिहिलं.