पुजलेली गिटार

दसऱ्यानंतर भावानं आईला कान दाखवायला लातूरहून नांदेडला माझ्याकडे आणलं आणि गाडीच्या डिकीतून माझी कॉलेजातली इलेक्ट्रिक गिटारही काढली. "अक्का, घर रंगवायला काढलंय. दोन्ही तूच सांभाळ," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. आई आणि गिटार एकाच वाक्यात उरकणारा हा माझा सख्खा भाऊ.

गिटार वडिलांनी एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी घेतली होती. आमचं लातूरला किराणा दुकान, मागे घर. पोरीचं वाजवणं गिऱ्हाइकांना ऐकू जाता कामा नये, ही आईची अट. इलेक्ट्रिक गिटार अँप्लिफायरशिवाय डासाएवढीही बोलत नाही, म्हणून ती घरात टिकली. खरी वाजायची ती कॉलेजच्या गॅदरिंगला, आणि तिथं आई कधी आली नाही. लग्नात भांडी, पलंग, कपाट सगळं नांदेडला आलं. गिटार तेवढी माहेरी राहिली. सासरच्यांना काय सांगायचं, असा आईचा प्रश्न होता. मला त्याचा राग अजून आहे.

डॉक्टरांनी कान तपासले आणि सांगितलं, आता येतंय तेवढंही हळूहळू कमी होत जाणार, मशीन लावा. आई म्हणाली, "मशीन लावून कुनाचं ऐकायचंय? सुनंचं?" दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच मी ठरवलं, हिला ऐकू येतंय तोवर एकदा तरी ही गिटार हिच्यासमोर वाजवायची.

गिटारीची दशा बघवत नव्हती. तारा गंजलेल्या, दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या, आवाजाची बटणं फिरायला तयार नाहीत. स्क्रू काढून पुढची प्लेट उचलली तर आत हळद, कुंकू, विभूती, अक्षता आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. मी आईकडे पाहिलं.

"खंडेनवमीला पुजत होते की," आई म्हणाली. "तराजू, मापं, शिलाई मशीन, तुझ्या बापाची स्कूटर. मग हे एकटंच कसं ठिवावं?"

म्हणजे वाजवणारी नांदेडला पोळ्या लाटत होती आणि वाद्य लातूरला दरवर्षी तीन बोटं विभूती लावून घेत होतं. एवढा मान मला सासरी मिळाला असता तर मी तक्रार केली नसती.

जुन्या टूथब्रशनं आतला सगळा देव्हारा झाडून काढला. बटणं सुटली, पण पट्ट्यांवरचा हिरवा थर काही हटेना. मी चिंच भिजवायला उठले. आईनं आपल्या पूजेच्या पिशवीतली विभूतीची वडी पुढे केली. "ह्यानं घास. चांदी निघती, हे काय लई लागून गेलंय?" ज्या विभूतीनं बटणं जाम केली, तिनंच पट्ट्या लख्ख केल्या. मी यावर काही बोलले असते तर आईला नेमकं तेव्हाच ऐकू आलं नसतं.

नव्या तारा मी गुरुद्वाऱ्याकडच्या एका वाद्यांच्या दुकानातून आणल्या. राहिली आतली तुटलेली वायर. आमचे हे निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक वायरीचे मालक झाले आहेत. त्यांनी मिक्सर दुरुस्त केला तेव्हापासून आम्ही चटणी पाट्यावर वाटतो.

"अहो, दुकानात देऊ या का?"

"थांब की जरा, करून राहिलो ना!"

वायर जोडून झाली. कॉलनीच्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर आणि आवाजाचा खोका हे स्वतः उचलून घेऊन आले. बटण दाबलं आणि घरभर असा घूं घूं आवाज सुरू झाला की शेजारीण भिंतीवरून डोकावली, "वहिनी, गिरणी टाकली काय?" ह्यांनी दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. चूक अर्थातच वायरींची निघाली. पुन्हा सुलट्या जोडल्यावर गिरणी बंद पडली.

मी तारा लावल्या. बोटं पार मऊ झालेली, तार रुतली की डोळ्यांत पाणी यायचं. गॅदरिंगला वाजवायचे ती एक चाल हाताला आठवत होती, तीही मधून मधून. आईला खोक्याजवळ खुर्चीत बसवलं आणि आवाज मोठा केला. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा लय सापडली. मग ह्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला, हे आमच्या संसारात विरळाच.

आई खाली वाकून खोक्यावर तळहात ठेवून ऐकत होती. चाल संपली तरी तिनं हात काढला नाही.

"हे असं वाजतं व्हय?" ती म्हणाली. "आमाला वाटलं, मुकं हाय. लई ग्वाड हाय की गं."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य हे होतं. त्या भरात मी नको ते विचारलं, "तेव्हा ऐकलं असतंस तर, आई? पाठवली असतीस माझ्यासोबत?"

आईनं क्षणभरही विचार केला नाही. "तवा? तवा मोडून चुलीत घातलं असतं," म्हणाली आणि खुर्ची खोक्याच्या आणखी जवळ ओढून घेतली. "आता वाजीव."