कविताचं नाव मी घेतलं नव्हतं

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. गेल्या रविवारी मात्र ते एकदाचं तोंडातून बाहेर पडलं — जिला सांगायला हवं होतं तिच्यासमोरच. मग आता तुमच्यापासून तरी काय लपवायचं?

मी टोकावड्याला मास्तर होतो. बारावी झालेल्या पोरापोरींना मुरबाडच्या कारखान्यांत चिकटवून द्यायचं मला वेड. अर्ज लिहून द्यायचा, पहिल्या दिवशी गेटपर्यंत सोबत जायचं, पगार झाला की बँकेत त्यांच्याच नावाचं खातं काढून द्यायचं. आणि बजावायचं — घरात द्या, पण थोडे स्वतःचे राखा. शिल्लक किती ते कुणाला सांगू नका. गावात मान होता. तो मला आवडायचा. जरा जास्तच.

मनीषा आणि कविता एका बाकावरच्या. दोघींना एकाच कारखान्यात पॅकिंगला लावलं. मनीषाला नर्सिंग करायचं होतं. अर्धा पगार घरी देऊन उरलेला ती फीसाठी साठवत होती. ही गोष्ट आम्हा तिघांनाच ठाऊक — ती, कविता आणि मी.

त्या वर्षी म्हसाच्या जत्रेत तिचा बाप बाळाराम बैलजोडी बघत होता. तिथे सौदा कसा होतो? रुमालाखाली दलालाची बोटं धरून — बघणाऱ्याला आकडा कळू नये म्हणून. बाळारामची बोटं कमी पडत होती आणि घाटावरचा दलाल हसत होता. मला मध्ये पडायची काय गरज होती? पण मी पडलो. त्या परक्या माणसांसमोर ऐटीत म्हणालो, "घे रे बाळाराम! पोरीच्या खात्यात तीस हजार आहेत, खातं मीच काढून दिलंय."

बैलाचा आकडासुद्धा झाकून ठेवतात तिथे, आणि मी पोरीचा ओरडून सांगितला.

चूक लगेच कळली. मग काय केलं? बाळारामला बाजूला घेतलं आणि म्हणालो — माझं नाव घेऊ नको. तो शब्दाला जागला. पैसे मात्र त्याने पोरीकडून मागून घेतले, आणि बैल दारात आले.

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं — नाही.

मनीषा रडत माझ्याकडेच आली. "सर, आमच्या बापाला कोनी सांगितलं?" मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "मैत्रिणींना सगळं सांगत असतेस ना?" एवढंच. कविताचं नाव मी घेतलं नव्हतं — सात वर्षं मी स्वतःला हेच ऐकवलं. घ्यायची गरज तरी होती का? दोघी बोलेनाशा झाल्या. कविताने ती नोकरी सोडली. मनीषाचं नर्सिंग राहिलं ते राहिलंच, ती अजून पॅकिंगलाच आहे. आणि मी? मी पुढच्या पोरांची खाती काढत राहिलो.

रविवारी मनीषा लग्नाची पत्रिका घेऊन आली. पाया पडली. मी सहज विचारलं, कविताला दिलीस?

"नाय सर. तिचं नाव पन नको."

मग मी सांगितलं. जत्रेपासून सगळं. बोलत गेलो तसं बरं वाटत गेलं — याची लाज वाटते, तरी ते खरं आहे.

ती रडली नाही, ओरडली नाही. तिने माझ्या खिशातलं पेन मागितलं. पत्रिकेवरचं माझं नाव खोडलं, त्याच्या वर कविताचं लिहिलं, पत्रिका पिशवीत घातली आणि निघाली.

मी दारात उभा राहून बघत होतो. ती एसटीच्या थांब्याकडे गेली नाही, कविताच्या घराच्या वाटेला वळली. मला लग्नाचं बोलावणं उरलं नाही. सात वर्षांत पहिल्यांदा मी मोकळा श्वास घेतला.