तिसऱ्या रिंगच्या आत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या एक्स्चेंजकाकांच्या दाराची घंटा वाजवली, की आतून "कोण आहे?" असं कधीच येत नसे. "नमस्कार, बोला" असं येई. नव्या दूधवाल्याला वाटलं, म्हातारा फार अदबशीर आहे. अदब होतीच, पण काही लोकांच्या खिशातून ऑफिसातली पेनं घरी येतात ना, तशी ती नोकरीतून घरी आली होती. काकूंनी आतून मीठ मागितलं तरी काका म्हणत, "देतो, लाइनवर राहा." आणि काकू राहत. दुसरं करतील काय?

काका एका मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. तळमजल्यावर जिन्याखाली एक बिनखिडकीची खोली, तिच्यात बोर्ड, बोर्डासमोर खुर्ची आणि खुर्चीत काका. एवढ्या मोठ्या इमारतीत त्यांचं तोंड ओळखणारी माणसं दहासुद्धा नसतील, पण आवाज सगळे ओळखत. कुणाचं बाळ रडलं आणि कुणाचं रडलंच नाही, हे सगळं त्यांच्या कानांवरून गेलं; तोंडातून मात्र "जोडून देतो" यापलीकडे कधी काही बाहेर पडलं नाही.

त्यांचे नियम दोनच. फोन तिसऱ्यांदा वाजायच्या आत उचलायचा, आणि समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. "इस्पितळाला कुणी हौसेनं फोन करत नाही," असं ते सांगत. हे नियम इस्पितळाच्या कुठल्याही कागदावर नव्हते, म्हणून तर ते एकतीस वर्षं पाळले गेले.

मग इस्पितळानं यंत्र बसवलं. अमुक विभागासाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा, आणि सगळी बोटं दाबून झाली की यंत्र पुन्हा पहिल्यापासून नमस्कार करी. काकांना निवृत्तीला चार वर्षं होती. ती त्यांनी रक्ताचे अहवाल लिफाफ्यात घालत काढली. पण जाता जाता त्यांनी एक गोष्ट केली. यंत्रापुढे रडकुंडीला आलेला जो जो नातेवाईक भेटला, त्याला स्वतःचा मोबाइल नंबर दिला. त्यानं तो दुसऱ्याला दिला. परिणाम असा, की निवृत्तीनंतरही काकांचा फोन दिवसातून पाच-सात वेळा वाजे. "साहेब, मशीन काही बोलू देत नाही हो. आईला ऑपरेशनच्या वॉर्डात हलवलंय, तो कुठे?" आणि काका डोळे मिटून सांगत, "तिसरा मजला, स्त्री शस्त्रक्रिया. थेट नंबर लिहून घ्या." सगळे नंबर तोंडपाठ. काकू म्हणत, "माझा वाढदिवस विचारा बरं त्यांना."

घरात तिसरी त्यांची मुलगी. ती नकाशे काढायची. जमिनीचे, ओढ्यांचे, चढ-उतारांचे. ज्या कचेरीत काढायची ती बंद पडली, आणि दोन वर्षं ती घरी होती. अर्ज करायची, नकार यायचे; पुढे पुढे नकारही येईनासे झाले. आणि मग एका मोठ्या सर्वेक्षण खात्यात जागा निघाली. लेखी परीक्षेच्या दोन्ही फेऱ्या तिनं पार केल्या. उरली शेवटची मुलाखत, तीही लॅपटॉपवरून, समोरासमोर दिसत. वयाची अट पस्तिसाची होती आणि पुढच्या महिन्यात तिला पस्तीस पूर्ण होत होती. म्हणजे हीच जागा, हीच मुलाखत. पुढचं दार नव्हतंच.

मुलाखतीचं पत्र आलं आदल्या दिवशी दुपारी. त्याच आठवड्यात आमचा रस्ता कुणीतरी खणून ठेवला होता, आणि खणणाऱ्यानं इंटरनेटची केबल इतकी स्वच्छ कापली होती की शल्यचिकित्सकानं दाद द्यावी. अख्ख्या इमारतीचं नेट गेलेलं. मुलीच्या मोबाइलला घरात रेंज नाही. आमच्याकडे तर फोन लावायलाच गच्चीवर जावं लागतं, आणि तिथेही नुसतं बोलता येतं, नेट चालत नाही. फक्त काकांच्या जुन्या फोनला रेंज होती, आणि तीही स्वयंपाकघराच्या खिडकीत, गजांबाहेर हात काढला तर.

तेव्हा ठरलं, की काकांच्या मोबाइलातलं नेट मुलीच्या लॅपटॉपला वाटून द्यायचं. हॉटस्पॉट. मुलीला वाटलं, बाबांना हे समजावता समजावता संध्याकाळ होईल. काकांना ते अर्ध्या मिनिटात समजलं.

"म्हणजे बाहेरची लाइन माझ्याकडे, आणि तुझं आतलं एक्स्टेंशन," ते म्हणाले.

असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. लिफाफे भरणाऱ्या माणसाला पुन्हा बोर्डावर बसवलं होतं.

अडचण एकच होती. त्या फोनला दोन कामं एकदम जमत नसत. कुणाचा फोन आला आणि नुसता वाजत राहिला तर लॅपटॉपचं काही बिघडत नसे; उचलला की नेट गुल. म्हणजे तासभर फोन हातात धरून खिडकीत उभं राहायचं, हॉटस्पॉट चालू आहे ना यावर नजर ठेवायची, कारण फोन तापला की तो आपला आपण बंद होई, आणि कुणाचाही फोन आला तरी उचलायचा नाही.

मुलगी म्हणाली, येणारे फोन तासाभरापुरते दुसरीकडे वळवून ठेवू. हे मात्र काकांना लागलं. "तासभर मला हात आवरता येत नाही, असं वाटतं का तुला?" त्यांनी विचारलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हट्ट सोडला. मी तिथेच होतो. मीही म्हटलं, जाऊ द्या, काका बघतील. ती त्यांचं मन राखत होती. आयुष्यात फार वेळा नाही, पण एखादे वेळी मन न राखणं हीच माया असते. हे त्या खोलीत तेव्हा कुणालाच सुचलं नाही.

संध्याकाळी सराव झाला. मुलीनं माझा फोन नेऊन गच्चीवरून काकांना लावला. पहिल्याच रिंगला काका म्हणाले, "नमस्कार, बोला." दुसऱ्या खेपेला त्यांनी दोन रिंगा काढल्या, तिसरी वाजता वाजता अंगठा आपोआप गेला. ते स्वतःच्या अंगठ्याकडे असे पाहत राहिले, जसं कुणी भर पंगतीत आपल्या पोराकडे पाहावं. तिसऱ्या खेपेला मात्र फोन वाजून वाजून थांबला आणि त्यांनी उचलला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात गच्चीवर तिच्या हातातला माझा फोन वाजला. काकांनी उलटा फोन करून विचारलं होतं, "आपला फोन आला होता. काय काम होतं?" मुलगी गच्चीवरून हसत हसत खाली आली. तिला इतकं हसताना मी नंतर पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला मुलाखत. काकांनी सकाळीच दाढी केली, नोकरीतला फिकट निळा शर्ट चढवला. आपल्या नातेवाइकांना आदल्या दिवशीच फोन करून बजावून झालं होतं, की अकरा ते बारा कुणी फोन करायचा नाही. त्यातल्या निम्म्यांनी सकाळी दहाच्या आत फोन करून विचारलं, का करायचा नाही? काकूंनी गॅस बंद ठेवला, कुकरला सुट्टी दिली, आणि त्या स्टुलावर हात जोडल्यासारख्या बसल्या. मधल्या खोलीत दार लावून मुलगी. खिडकीत काका, गजांबाहेर हात. फोनचा आवाज बंद केलेला, थरथरही बंद. पडद्यावर अक्षरं: एक उपकरण जोडलेलं आहे.

पुढचं मला काकूंनी सांगितलं.

सव्वाअकराला पडदा उजळला. अनोळखी नंबर. आवाज नाही, काही नाही. पण काकूंना काकांचे ओठ हलताना दिसले. ते न वाजणाऱ्या रिंगा मोजत होते. एक, दोन, तीन. तिसरीनंतर त्यांच्या कपाळावर घाम आला. दहा, अकरा. पडदा विझला. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी हातानंच 'शाब्बास' म्हटलं. आतून मुलीचा आवाज येत होता, शांत, ठाम. कुठल्याशा डोंगराच्या उताराबद्दल ती सांगत होती, आणि मधे कुणीतरी हसलं, चांगलं हसलं.

पुन्हा तोच नंबर. काकांनी पुन्हा मोजलं, पुन्हा विझू दिला.

आणि लगेच तिसऱ्यांदा तोच.

एकतीस वर्षांच्या नोकरीत काका एक गोष्ट शिकले होते, की एकदा फोन करणारा चौकशी करतो, दोनदा करणारा काळजी करतो, आणि लागोपाठ तीनदा करणाऱ्याच्या घरी काहीतरी घडत असतं. ते काकूंकडे वळले. त्या चेहऱ्याकडे बघून काकू म्हणाल्या, "उचला. कुणाचं काही बरंवाईट असेल."

त्यांनी उचलला. "नमस्कार, बोला."

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी आधी माफी मागितली. मग स्वतःची ओळख सांगितली, मग काकांचा नंबर कुणी दिला ते सांगितलं, मग मशीनबद्दल बोलले. काकांनी मधे तोडलं नाही. समोरच्याला मधे तोडायचं नसतं. शेवटी त्यांनी विचारलं, "भेटायची वेळ अजून चार ते सहाच आहे ना?"

"चार ते सहा," काका म्हणाले. "रविवारी सकाळी दहा ते अकरासुद्धा."

गृहस्थांनी आभार मानले आणि फोन ठेवला. मग काकांनी ठेवला. सगळं मिळून सव्वा मिनिट.

आत तेव्हा मुलाखत घेणारे मुलीला म्हणाले होते, तुम्ही काढलेला एखादा नकाशा दाखवा. तिनं तो उघडला होता. पलीकडच्या तिघांना दिसलं असेल ते एवढंच, की एक बाई तोंड अर्धवट उघडून थिजली आहे. हॉटस्पॉट पुन्हा चालू व्हायला, लॅपटॉपनं तो पुन्हा ओळखायला आणखी चार मिनिटं गेली. तोवर पडद्यावर ओळ आली होती, की ही बैठक संपली आहे.

ती दार उघडून स्वयंपाकघरात आली. काका खिडकीतच होते. हात अजून गजांबाहेर.

"कोणाचा होता?"

काकांनी सांगितलं. काकू मधे म्हणाल्या, मीच उचला म्हटलं गं. काका म्हणाले, नाही, मी उचलला. त्या घरात चहाचा शेवटचा कपसुद्धा दोघं एकमेकांकडे ढकलत. दोष मात्र दोघंही आपल्याकडे ओढत होते.

मुलीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाबा, सांगितलीत ना त्यांना वेळ?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि गॅस पेटवून कुकर लावायला घेतला.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर काका वाचले असते.

खात्याला तिनं तीन पत्रं लिहिली. उत्तर एकच आलं, दोन ओळींचं. उमेदवाराच्या बाजूच्या तांत्रिक अडचणीसाठी फेरमुलाखत घेण्याची तरतूद नाही. चार दिवसांनी रस्त्यावरची केबल जोडली गेली, आणि आता इमारतीत इतकं नेट आहे की पोरं जिन्यात बसून ते सांडतात. पुढच्या महिन्यात तिला पस्तीस पूर्ण झाली. सध्या ती चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते. कधी कधी कुणी मोठे नकाशे घेऊन येतं. ती त्यांच्या प्रती काढते, नीट घडी घालून देते. एकदा एका नकाशात ओढा उलट्या दिशेनं वाहताना दिसला, असं तिनं घरी सांगितलं. काकूंनी विचारलं, मग सांगितलंस का त्यांना? ती म्हणाली, "मला कुठे विचारलं त्यांनी."

आणि काका? दाराची घंटा वाजवली की आता आतून काही येत नाही. काकू येऊन दार उघडतात. रोज सकाळी अकराला काका स्वयंपाकघराच्या खिडकीत जातात, फोनवर हॉटस्पॉट चालू करतात आणि हात गजांबाहेर काढून उभे राहतात. पडद्यावर लिहिलेलं असतं, एकही उपकरण जोडलेलं नाही. इस्पितळाचे फोन अजून येतात, पूर्वीपेक्षा कमी. ते मोजतात आणि विझू देतात. तीनदा आला तरी. काकूंनी एकदा काकुळतीनं सांगून पाहिलं, आता उचलायला काय हरकत आहे, आता तर काही बिघडायचं राहिलं नाही. काकांनी हात गजांबाहेर आणखी थोडा लांबवला.

परवा मी वाटी परत करायला वर गेलो, तर ते तिथेच उभे होते. फोन उजळला. दुकानातून मुलीचा होता. नाव मला लांबूनही वाचता आलं. काकू आतून डोकावत म्हणाल्या, "अहो, तिचा असेल, डबा विसरलीय ती."

काकांचे ओठ हलत होते. आठ, नऊ, दहा. पडदा विझला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी 'शाब्बास' म्हणेन की काय, अशी वाट पाहणारं काहीतरी त्या नजरेत होतं. मी वाटी ओट्यावर ठेवली, डबा उचलला आणि चौकाकडे निघालो.