दोन डाव्या बाह्या

माझी थोरली बहीण शिवणकारखान्यात कापड कापते, मी तिथेच मशीनवर शिवते. सगळे तिला कातरबाई म्हणतात. तोंडावर नाही हं, तेवढी छाती कुणाची नाही! तीस वर्षांत तिने माप कधी लिहून घेतलं नाही, सगळं डोक्यात. त्याचा तोरा काय विचारता.

त्या मंगळवारी तिने कापलेल्या बाह्या मी मशीनवर घेतल्या आणि पाहते तर काय! दोन्ही डाव्या! कापडाचे दोन थर समोरासमोर न ठेवता दोन्हींची सुलट बाजू वर ठेवून कापले की असं होतं. नवशिक्यांची चूक.

तिने पाहिलं आणि पांढरीफटक पडली. "आईचंही असंच सुरू झालं होतं ना गं?"

आई शेवटी आम्हा दोघींनाही ओळखत नव्हती.

"काहीतरी बडबडू नकोस," मी खेकसले. "झोप होते का तुझी?"

तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. पाळी गेल्यावर अंगातून वाफा निघायच्या, अंथरूण घामाने भिजायचं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या. गुण आला होता, छान झोपायची. मग कुठेतरी वाचलं की या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश होतो, आणि बाईसाहेबांनी तीन आठवड्यांपूर्वी परस्पर बंद केल्या. विचारायचं नाही, सांगायचं नाही! मी अशी भडकले की तिला तशीच दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाईंनी तिला शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं.

"चाचणी ठीक आहे," त्या अखेर म्हणाल्या. "झोप नसली की अशा चुका होतात. पासष्टीनंतर गोळ्या सुरू केलेल्या बायकांत स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला दिसला होता. तुम्ही एकावन्नाव्या वर्षी सुरू केल्यात. त्या वयाबद्दल अभ्यासांचं एकमत नाही."

"म्हणजे मला होणार नाही?"

"तसं मी लिहून देऊ शकत नाही. कुणीच देऊ शकणार नाही. घ्यायच्या की नाही, ते आपण मिळून ठरवू."

ती म्हणाली, "घेते. जागून जागून वेड लागायची वेळ आलीय."

जिन्यात मात्र तिने माझं मनगट घट्ट धरलं. "माझं डोकं जायला लागलं तर आधी मला सांगायचं. आईचा आजार तिच्यापासून लपवलास तसं माझ्यापासून लपवलंस तर याद राख."

"सांगेन," मी म्हटलं. बोलून गेले खरं, पण तिला ते कोणत्या तोंडाने सांगू, या भीतीने मला पुढची पायरी उतरवेना.