आबांचा वॉटर पंप आणि इराण्णा

इराण्णा गेला. आज सकाळी.

आणि रडू यायच्या आधी मला स्वतःचाच राग आला. का, ते सांगते.

ज्यांची गाडी कधी भर उन्हात वाफा टाकत रस्त्यात उभी राहिली, ते कोल्हापूरकर त्याला ओळखतात. शाहूपुरीतला रेडिएटरवाला इराण्णा.

माझे वडील, आबा, शाळेत गणिताचे मास्तर. इराण्णा त्यांचा विद्यार्थी. गणितात दोनदा नापास, आणि नापास करणारे आबाच!
तरी पोरगा आमच्या घरी चिकटला तो कायमचा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, पण सरांची मुलगी म्हणून मला ताई म्हणायचा.

नव्वदचं दशक संपत आलेलं. आबांची नजर जात चाललेली.
डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "सर, फार तर दिवाळीपर्यंत. मग स्टिअरिंग सोडायचं."

आबांना एकच हवं होतं. आजोबांची जुनी विलायती मोटार स्वतः चालवत एकदा गारगोटीला जायचं. तिथल्या शाळेत त्यांची पहिली नोकरी झालेली.

आणि नेमका गाडीचा वॉटर पंप फुटला. इंजिनात पाणी फिरवून ते गार ठेवणारा पंप. त्याच्या बिडाच्या अंगालाच तडा. रंकाळ्यापर्यंत गेलं की बॉनेटमधून वाफ.

कंपनीनं ती गाडी बनवायची सोडून जमाना झालेला. आबांनी मुंबईला पत्रं पाठवली, पुण्याचा जुना बाजार पालथा घातला. शाहूपुरीत एक दुकानदार तर म्हणाला, "पावणं, पंप कशाला शोधताय? गाडी म्युझियमला द्या की!"
आबा दोन दिवस धड जेवले नाहीत.

शेवटी इराण्णा म्हणाला, "सर, मिळत न्हाय तर ओतून घेऊ. कोल्हापुरात फाउंड्री काय कमी हायत?"

झालं! आबा पेटले. भिंग लावून जुना पंप मोजला. ग्राफपेपरवर ड्रॉइंग काढलं. आठ दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

ड्रॉइंग बघून इराण्णा डोकं खाजवत म्हणाला, "सर, लाकडी साचा जरा मोठा धरू काय?"
"का? पंप मोठा आहे?"
"न्हाय, पण बीड गार झालं की आकसतंय..."
"इराण्णा, तुला अपूर्णांक जमले नाहीत आणि मला माप शिकवतोस? माप म्हणजे माप."
"व्हय सर."

पंप आला. बसवायला गेलो तर भोकं जुळेनात. अर्धं सूत आखूड.
आबा गल्लीत सगळ्यांसमोर कडाडले, "अजून गणित कच्चं ते कच्चंच तुझं!"
इराण्णा मान खाली घालून म्हणाला, "चुकलं सर. परवा दुसरा आणतो."

परवा? पहिल्याला तीन आठवडे लागलेले!

मला राहवलं नाही. मी इराण्णाच्या वर्कशॉपवर गेले. फळीवर दोन साचे. एक आबांच्या मापाचा, दुसरा जरासा मोठा. दोन्ही पंप एकाच दिवशी ओतून घेतलेले, पदरमोड करून.

मी भडकलेच. "मग शिव्या कशाला खाल्ल्यास? सांगायचं नाही सरळ?"

तो म्हणाला, "ताई, सरांची नजर चाललीया. त्यात आणि मापबी चुकलं म्हणून मी सांगू? राहू दे की. मला सवय हाय त्यांच्या शिव्यांची."

दुसरा पंप चपखल बसला.

आम्ही गारगोटीला गेलतो. आबा स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागं पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन इराण्णा. कॅन उघडायची वेळच आली नाही. शाळेच्या फाटकाशी आबांनी गाडी थांबवली आणि बराच वेळ स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.
ती त्यांची शेवटची फेरी.

त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक सत्काराला आबा तो किस्सा सांगायचे. "इराण्णानं माझा पहिला पंप घालवला!" सगळे हसायचे. इराण्णाही हसायचा.
मीही हसायचे.

आबा जाऊनही आता वर्षं झाली. तेव्हा तरी सगळ्यांना खरं सांगायचं होतं. आज उद्या करत राहिले.

आज शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'सरांचा पंप घालवणारा इराण्णा गेला.' खाली हात जोडलेले पंधरा इमोजी.
डोकंच फिरलं माझं.

तर वाचा सगळ्यांनी. माप आबांचं चुकलं होतं. इराण्णाचं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

आबांचं फळ्यावरचं गणित चुकलं, तर ते गुपचूप पुसायचे नाहीत. वर्गाला चूक दाखवायचे आणि स्वतःचा कान धरायचे.
त्यांना हे कळलं असतं, तर माझा हात धरून, चाचपडत का होईना, ते शाहूपुरीत तुझ्या दारात येऊन उभे राहिले असते.

आपण दोघांनी त्यांना ते करू दिलं नाही, इराण्णा.
तू मायेनं गप्प बसलास. मी नुसती भित्री.

आज आबांच्या वतीनं तुझ्यासमोर कान धरते.

नीट जा रे. तुला मनापासून नमस्कार.