पुसून टाकलेलं ग्रीस

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात फौजेतली आमची डिटॅचमेंट, म्हणजे छोटी तुकडी, पूर-ड्युटीवर घनसावंगी तालुक्यात आली. मुक्काम गोदावरीपासून चार किलोमीटरवरच्या शाळेत. दोन ट्रक, एक बोट, एक जुनी जीप. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. जीपचा ड्रायव्हर लान्स नायक सोपान, जवळच्याच जांब समर्थचा.

फौजेत रोज सकाळी गाडीची फर्स्ट परेड होते. सहा वाजता तेल, पाणी, ब्रेक, टायर, गळती तपासायची. दिसेल ते शीटवर लिहायचं.

पहिल्याच दिवशी जीप उजवीकडे वळवली की पुढच्या डाव्या चाकातून कटकट आवाज येऊ लागला. मी डायरीत तीन कारणं लिहिली: बेअरिंग, ब्रेक, एक्सलचं बूट. बूट म्हणजे एक्सलच्या टोकाच्या जॉइंटवरचं रबरी, घड्यांचं आवरण. आत ग्रीस असतं. बूट फाटलं की ग्रीस बाहेर उडतं, पाणी-माती आत जाते आणि जॉइंट केव्हाही दगा देतो. खूण सोपी. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे.

शिंतोडे नव्हते. यादीतून बूट खोडलं. ब्रेक उघडून पाहिले, ठीक. बेअरिंग बदललं, आवाज तसाच. तीन दिवसांत यादी संपली. मला काही कळेना.

चौथ्या दिवशी साडेदहाला वायरलेसवर आमचे कमांडर साहेब आले.

"जीप तैयार? ओव्हर."

"जीप में आवाज है, साब. कारण नहीं मिला. ओव्हर."

"चार बजे पानी बढ़ेगा. नाले के उस पार ग्यारह सिविलियन हैं. जीप चाहिए. आउट."

बोट दुसऱ्या गावी गेली होती. ट्रकच्या वजनाला नाल्यावरचा फरशी पूल टिकेल याची खात्री नव्हती. जीपच जाणार होती, आणि तिला काय झालंय हे मला माहीत नव्हतं.

मी जीपकडे गेलो. सोपान डिझेलच्या चिंधीनं डाव्या चाकाची आतली बाजू पुसत होता. शाळेच्या भिंतीवर जांबची पाच-सहा माणसं बसली होती.

"काय पुसतोस?"

"ग्रीस, उस्ताद. रोजच उडून राह्यलंय."

"रोज? मंग मला का दाखवलं न्हाई?"

"तुमच्या परेडच्या आधीच पुसतो, गाडी फिरून आली की परत. गावचे लोक बघून राह्यलेत. फौजेची गाडी घाण कशी दिसू द्यायची?"

भिंतीवरचा एक म्हातारा म्हणाला, "नवरदेवाच्या घोड्यावानी चोळतोय रोज!"

मी चाक पूर्ण वळवायला लावलं. बुटाच्या घडीत बोटभर चीर उघडली. चाक सरळ केलं, मिटली. तीन दिवस मी सरळ चाकच पाहत होतो. चूक एकट्या सोपानची नव्हती.

नवं बूट नव्हतं. घनसावंगीच्या पंक्चरवाल्यानं स्कूटरची जुनी ट्यूब दिली. "घ्या फौजी, बिलकुल फुकट. फक्त वापस आणू नका."

शाफ्ट काढला. जॉइंट डिझेलनं धुतला, नवं ग्रीस भरलं. ट्यूबचा तुकडा कापून वर चढवला, दोन्ही टोकांना तार पिळली. दोन पंचवीसला काम संपलं. आवाज कमी झाला, पण गेला नाही.

मी सोपानच्या शेजारी बसलो. फरशी पुलावर पाणी चाकाच्या मधल्या हबच्या वर होतं. मी फक्त चाकाची कटकट ऐकत होतो. दोन फेऱ्या झाल्या. तीन चाळीसला शेवटची माणसं अलीकडे आली. अकरा जण, दोन शेळ्या.

"उस्ताद, रिपोर्टमध्ये लिव्हणार का?" सोपाननं विचारलं.

"आधी दाखवायचं, मंग पुसायचं. समजलं?"

"बराबर."

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: बूट फाटलं, तात्पुरती दुरुस्ती. पुसण्याबद्दल लिहिलं नाही.

दोन वर्षांनी सोपान डोंगराळ भागात होता. एका वळणावर त्याची गाडी दरीत गेली, तो वाचला नाही. मला कळवलं गेलं ते एवढंच: वाहनाने रस्ता सोडला, कारण अज्ञात. पुढचा एक्सल कुणी तपासला का, असं मी पत्रानं विचारलं. उत्तर आलं नाही. त्याची आधी पुसायची सवय सुटली होती की नाही, मला माहीत नाही. मी तेव्हा लिहिलं असतं तर काय झालं असतं, तेही माहीत नाही.

जांबला गेलो की त्याच्या वडिलांकडे चहा होतो. ते दर वेळी एकच विचारतात, "गाडी लई साफ ठेवायचा ना आमचा सोपान?"

"हो काका," मी म्हणतो. "अख्ख्या युनिटमध्ये सगळ्यात साफ."